जुना कंट्रोलर आणि नवें खेळयंत्र

घरांत नवें खेळयंत्र आलें कीं पहिल्याच संध्याकाळीं एक प्रश्न उभा राहतो. जुन्या यंत्राचे दोन कंट्रोलर कपाटांत धड स्थितींत पडलेले असतात, नव्याबरोबर एकच आलेला असतो, आणि खेळणारीं मुलें तर दोन असतात. जुना यास चालेल काय? मुलगा म्हणतो चालेल, दुकानदार म्हणतो चालणार नाहीं, आणि पैसे द्यावयाचे असल्यामुळें वडील दुकानदाराकडे संशयानें पाहतात. गंमत अशी कीं मुलगा व दुकानदार दोघेहि खरें बोलत असण्याचा संभव असतो. तो कसा, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील खेळांत खेळणाराच्या हातीं जें बटणांचें व दांड्यांचें साधन असतें, तो कंट्रोलर. कित्येक घरांत त्यास सरसकट ‘रिमोट’ म्हणतात. परंतु रिमोट एकदां हुकूम देऊन गप्प बसतो. कंट्रोलरला मात्र कोणतें बोट कोठें आहे याची वर्दी सेकंदास निदान पन्नास-साठ वेळां द्यावी लागते. ही वर्दी यंत्रास कळली नाहीं तर हातांतली वस्तु निव्वळ प्लास्टिकचा तुकडा ठरते.

अमेरिकेंतील अटारी कंपनीनें १९७७ सालीं जें खेळयंत्र विकावयास काढलें, त्याचा कंट्रोलर म्हणजे साधेपणाचा नमुना होता. एक उभा दांडा व एक लाल बटण. दांडा ज्या दिशेस कलवावा त्या दिशेची कळ आंत दाबली जाई, आणि त्या दिशेची तार विजेच्या शून्य पातळीच्या तारेशीं जोडली जाई. चार दिशांच्या चार तारा, बटणाची पांचवी, आणि सर्वांना सामाईक अशी शून्याची सहावी. प्लगला पिना नऊ होत्या. उरलेल्यांचें या दांड्याला कांहीं काम नव्हतें. दारावरच्या विजेच्या घंटेचें बटण ज्यास समजलें, त्यास हा कंट्रोलर समजला.

या साधेपणामुळें तोच प्लग इतरांनींहि उचलला. कमोडोर कंपनीचा ‘६४’ हा १९८२ चा घरगुती संगणक, तिचाच १९८५ चा अमीगा, आणि जपानच्या सेगा कंपनीचें १९८८ चें मेगा ड्राइव्ह या सर्वांना नऊ पिनांचेंच सॉकेट होतें. अटारीचा दांडा कमोडोरला लावावा आणि खेळावें. कोणास विचारावयाचें कारण नाहीं. इतकेंच नव्हे, तर मेगा ड्राइव्हचा कंट्रोलर अकरा वर्षें जुन्या अटारी यंत्रालाहि चालतो. त्याचें मधलें बटण अटारीच्या लाल बटणाचें काम करतें.

पण प्लग आंत बसला म्हणजे काम झालें, असें समजणारे पुढें फसले. ब्रिटनमध्यें सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम संगणक ॲमस्ट्रॅड कंपनीकडे गेल्यावर १९८६ सालीं त्याचें ‘प्लस टू’ हें रूप निघालें. त्यालाहि नऊ पिनांचेंच सॉकेट. मात्र तारांचा क्रम बदललेला. बाहेरचा दांडा सहज आंत जाई, आणि पडद्यावरचा गडी मनाजोगा हलत नसे. कंपनीचा स्वतःचा दांडा आणला कीं सारें सुरळीत. या बदलानें दांड्याच्या कामांत कांहींएक भर पडत नव्हती. दांड्यांच्या विक्रींत पडत असावी.

कांहीं ठिकाणीं नुसती फजिती होऊन भागत नाहीं. कमोडोर ६४ मध्यें दांड्याच्या तारा व कळफलकाच्या तारा एकाच चिपेवर येतात. साधा अटारी दांडा त्या तारा फक्त शून्याला जोडतो किंवा मोकळ्या सोडतो. मेगा ड्राइव्हच्या कंट्रोलरमध्यें मात्र स्वतःची चिप असते, आणि ती त्या तारांवर उलट वीज सोडते. त्यामुळें कमोडोरची चिप जळण्याचें भय असतें. ज्यांच्या घरीं असा जुना संगणक जपून ठेवलेला असेल, त्यांनीं प्लगच्या आकारावर विसंबून हा प्रयोग करूं नये.

१९९० च्या दशकांत मुंबई-पुण्यांतील अनेक घरांत ‘टीव्ही गेम’ या नांवानें स्वस्त यंत्रें आलीं. तीं बहुधा जपानी निन्टेंडो यंत्राच्या नकला होत्या. त्यांतील पुष्कळांचा प्लग दिसावयास अटारीसारखा नऊ पिनांचा, परंतु आंतली भाषा निन्टेंडोची. तेव्हां ही भाषा काय होती तें पाहूं.

निन्टेंडोचें मूळ यंत्र जपानांत १९८३ सालीं निघालें, तेव्हां त्याचे कंट्रोलर यंत्रालाच कायमचे जोडलेले होते. १९८५ मध्यें तें निराळ्या पेटींत अमेरिकेंत गेलें, आणि त्यास सात पिनांचें सॉकेट आलें. बटणें आठ, पण आठ बटणांना आठ तारा दिलेल्या नव्हत्या. कंट्रोलरमध्यें एक लहान चिप असते. यंत्र एका तारेवरून ‘सावधान’ असा इशारा देतें, आणि त्या क्षणीं कोणतीं बटणें दाबलेलीं आहेत याची चिप नोंद करते. मग दुसऱ्या तारेवरून यंत्र एकामागून एक टिचक्या मारतें, आणि दर टिचकीस चिप एकेका बटणाची स्थिति तिसऱ्या तारेवरून कळविते. वर्गांत हजेरी घ्यावी तसाच हा प्रकार. पटावरचा क्रम दोघांनाहि पाठ असल्यामुळें नांव उच्चारावयाचें सुद्धां कारण पडत नाहीं. नुसता आंकडा मोजला कीं पुरे.

१९९० सालीं याच कंपनीचें ‘सुपर’ यंत्र आलें. बटणें बारा झालीं, प्लगचा आकार बदलला, पण हजेरीची पद्धत तीच राहिली. पट तेवढा लांबला: आठांऐवजीं सोळा जागा, व त्यांतील शेवटच्या चार रिकाम्या. जुन्या यंत्रानें या नव्या कंट्रोलरची हजेरी घेतली तर तें आठव्या जागेपाशीं थांबतें. आणि पहिल्या आठांत चार दिशा व चार बटणें आलेलीं असल्यामुळें जुना खेळ बिनतक्रार चालतो. मध्यें लागतो तो केवळ एका आकाराचा प्लग दुसऱ्या आकाराच्या सॉकेटांत बसविणारा तुकडा. त्यांत चिप नाहीं, बुद्धि नाहीं, नुसत्या पांच तारा. मोडी वाचतां आली नाहीं म्हणून मराठी येत नाहीं असें होत नाहीं, तसेंच हें.

सेगानें १९९३ मध्यें तीन बटणांऐवजीं सहा बटणांचा कंट्रोलर काढला, तेव्हां कांहीं जुने खेळ त्याचे संकेत वाचतांना गोंधळूं लागले. कंपनीनें तोडगा आधींच योजून ठेवला होता. कंट्रोलरवरील ‘मोड’ हें बटण दाबून धरून यंत्र चालू केलें कीं सहा बटणांचा हा कंट्रोलर तीन बटणांचा होऊन बसे. शहरांत शिकून आलेल्या नातवानें गांवीं आजोबांशीं त्यांच्याच बोलींत बोलावें, तशी ही रीत होती.

पुढचीं कांहीं वर्षें सुखाचीं गेलीं. सोनीच्या १९९४ च्या प्लेस्टेशनचा कंट्रोलर २००० च्या प्लेस्टेशन २ लाहि बसे. निन्टेंडोच्या २००१ च्या गेमक्यूबचा कंट्रोलर तर, मध्यें एक जोडपेटी घातली असतां, २०१७ च्या स्विच यंत्रावरहि चालूं लागला.

त्यानंतर यूएसबी ही सर्वसामान्य जोडणी आली, आणि ब्लूटूथनें तारच काढून टाकली. प्लगचा आकार गेला, तारांचा क्रम गेला. आतां कोणताहि कंट्रोलर कोणत्याहि यंत्रास चालावा, असें कोणासहि वाटेल. घडलें तें उलटें. अलीकडच्या कित्येक यंत्रांत कंट्रोलरला प्रथम आपली ओळख पटवावी लागते. यंत्र त्याच्याकडे एक संख्या पाठवितें. कंट्रोलरनें आपल्या पोटांतील गुप्त किल्लीच्या साह्यानें तिचें उत्तर तयार करून परत धाडावयाचें. उत्तर चुकलें कीं दार बंद. पूर्वींची अडचण डाख देण्याची कला येणारा मनुष्य संध्याकाळच्या दोन तासांत दूर करी. या दाराला डाख लागत नाहीं.

आणि ओळख पटली तरी परवानगी मिळतेच असें नाहीं. सोनीचें प्लेस्टेशन ५ हें नोव्हेंबर २०२० मध्यें बाजारांत आलें. त्या आधीं ऑगस्टमध्यें कंपनीनें जाहीर केलें होतें कीं प्लेस्टेशन ४ चा ड्युअलशॉक ४ हा कंट्रोलर नव्या यंत्रावर प्लेस्टेशन ४ चे खेळ खेळण्यास चालेल, पण प्लेस्टेशन ५ चे खेळ खेळण्यास चालणार नाहीं. म्हणजे यंत्र तेंच, कंट्रोलर तोच. जुना खेळ लावला तर हुकूम मानले जातात, नवा लावला तर नाकारले जातात. आरंभींचा मुलगा व दुकानदार दोघेहि खरे ठरतात ते असे.

कंपनीनें कारण दिलें तें असें, कीं नव्या कंट्रोलरमध्यें सूक्ष्म कंपनें आहेत, बोटाखालचा चाप प्रसंगानुसार जड किंवा हलका होतो, आणि नव्या खेळांनीं या गुणांचा लाभ घ्यावा. कारण अगदींच पोकळ नाहीं. ताणलेल्या धनुष्याचा ताण बोटाला जाणवणें ही खेळांत खरीच भर आहे. परंतु तीं कंपनें व तो जडपणा खेळणारास यंत्राच्या सेटिंगमध्यें जाऊन बंद करतां येतो, आणि बंद केल्यावरहि खेळ चालतोच. शिवाय कंपनीचा परवाना असलेलीं मोटारशर्यतीचीं चक्रें व दांड्याच्या पेट्या नव्या खेळांनाहि चालतील, असें त्याच घोषणेंत म्हटलें होतें. त्यांना तरी हे गुण कोठें होते? तेव्हां अडसर विजेचा नसून परवान्याचा होता, असेंच म्हणावें लागतें.

मायक्रोसॉफ्टनें त्याच महिन्यांत एक्सबॉक्स सिरीज हीं यंत्रें काढलीं, आणि २०१३ च्या एक्सबॉक्स वनचे कंट्रोलर सर्व खेळांसाठीं चालूं दिले. मात्र याच कंपनीनें २०१३ मध्यें आपल्या आधींच्या एक्सबॉक्स ३६० च्या कंट्रोलरांना दार बंद केलें होतें, हेंहि विसरतां येत नाहीं. निन्टेंडोचें २०२५ चें स्विच २ जुने जॉय-कॉन बिनतारी ओळखतें. पण ते नव्या यंत्राच्या कडेला अडकवितां येत नाहींत, कारण जुनी खांच जाऊन तेथें लोहचुंबक आलें आहे. त्यामुळें नव्या यंत्राच्या कडेला लावून त्यांत वीज भरण्याची सोय राहिली नाहीं. जुनें यंत्र विकावयास काढणाऱ्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें.

ज्याच्या दोन्ही हातांचीं दहाहि बोटें चालतात, त्याच्यासाठीं हा सारा हिशेब कांहीं हजार रुपयांचा आहे. ज्याचीं चालत नाहींत, त्याचें निराळें आहे. मायक्रोसॉफ्टनें २०१८ मध्यें अपंगांसाठीं एक कंट्रोलर काढला. त्याच्या पाठीमागें ३.५ मिलिमीटरचीं १९ सॉकेटें आहेत; साध्या इअरफोनच्या प्लगचें जें माप तेंच हें, आणि अपंगांच्या साधनांत तें पूर्वींपासून रूढ आहे. कोणी पायानें दाबावयाची पट्टी लावतो, कोणी कोपराजवळ बटण बसवितो, कोणी हनुवटीपाशीं. कोणतें बटण कोठें ठेवलें असतां शरीर दमत नाहीं, हें ठरविण्यास अनेक आठवडे जातात. असा जोडून बसविलेला संच यंत्रानें एके दिवशीं नाकारला, तर दुकानांतून दुसरा आणून भागत नाहीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें मायक्रोसॉफ्टनें परवाना नसलेलीं इतरांचीं साधनें आपल्या यंत्रांवर बंद करण्यास आरंभ केला, तेव्हां अपंग खेळाडूंत चिंता पसरली ती याचमुळें. स्वस्तांतल्या जोडपेट्यांवर त्यांच्यापैकीं कित्येकांचा खेळ अवलंबून होता.

२०१८ चा तो १९ सॉकेटांचा कंट्रोलर मात्र २०२० च्या नव्या यंत्रानें जसाच्या तसा स्वीकारला. ज्यानें त्यावर आपल्या पट्ट्या व बटणें जुळवून ठेवलीं होतीं, त्यास यंत्र बदलतांना त्यांतली एकहि जागची हलवावी लागली नाहीं.