शिबिर एका दिवसाचे, डोळा जन्माचा

सुगी आटोपून थंडी पडू लागली की तालुक्याच्या गावी चौकाचौकांत कापडी फलक झळकू लागतात : ‘भव्य मोफत नेत्रतपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर’. खाली लायन्स, रोटरी किंवा एखाद्या स्थानिक मंडळाचे नाव असते. अशा शिबिरांमुळे आजवर असंख्य वृद्धांना पुन्हा दिसू लागले आहे. मात्र शिबिराचा खरा लाभ व्हायचा असेल, तर रुग्णाच्या नातेवाइकांना आणि शिबिर भरविणाऱ्या कार्यकर्त्यांनाही काही गोष्टी ठाऊक असायला हव्यात.

लायन्स क्लबची सुरुवात १९१७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात झाली. १९२५ साली या संस्थेच्या अधिवेशनात हेलन केलर यांचे भाषण झाले. स्वतः अंध व बधिर असलेल्या या विदुषीने अंधत्वाविरुद्धचे काम हाती घेण्याचे आवाहन सभासदांना केले, आणि तेव्हापासून डोळ्यांची सेवा हे या क्लबांचे मुख्य कार्य बनले. आपल्याकडे शासनाचा अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे आणि अशा सेवाभावी संस्थांचा त्याला मोठा हातभार लागला आहे.

पूर्वीचे शिबिर आणि आताचे

पूर्वी शाळेच्या वर्गात किंवा धर्मशाळेत टेबले मांडून तेथेच शस्त्रक्रिया होत असत. डोळ्यातील गढूळ झालेले भिंग काढून टाकत आणि रुग्णाला जाड भिंगाचा चष्मा देत. तो चष्मा फुटला वा हरवला की म्हातारा माणूस पुन्हा आंधळ्यासारखाच! आता काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवितात. बहुतेक वेळा टाकेही घालावे लागत नाहीत.

पद्धत बदलली, तशी जागाही बदलायला हवी. गावात फक्त तपासणी करावी व शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयातच व्हावी, हीच योग्य रीत आहे. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. २०१४ साली पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यात एका संस्थेच्या शिबिरानंतर अनेकांनी दृष्टी गमावली होती. म्हणून नाव नोंदविताना निःसंकोचपणे विचारा : ऑपरेशन कोठे होणार? कोणते डॉक्टर करणार? नंतर त्रास झाला तर कोणाकडे जायचे? मोफत उपचार घेणाऱ्यालाही हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

दोन जुने गैरसमज

पहिला, मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबावे. आता तशी गरज नाही. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. फार पिकलेल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उलट अवघड होते, आणि कधी कधी डोळ्यातील दाबही वाढतो. दुसरा, ऑपरेशन थंडीतच करावे. चांगल्या रुग्णालयात ते बाराही महिने करता येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. म्हातारपणी दिसेनासे होते ते प्रत्येक वेळी मोतीबिंदूमुळेच असे नाही. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, मधुमेहानेही पडदा खराब होतो. म्हणून तपासणी पूर्ण करून घ्यावी. रक्तदाबाच्या, साखरेच्या व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या सोबत न्याव्यात आणि डॉक्टरांना दाखवाव्यात. आपल्या मनाने त्या बंद करू नयेत.

पट्टी सुटल्यानंतर

शस्त्रक्रिया अर्ध्या तासात आटोपते, पण काळजी पुढे काही आठवडे घ्यावी लागते. थेंब सांगितल्या वेळी घालावेत, त्याआधी हात साबणाने धुवावेत. डोळा चोळू नये. डॉक्टर सांगतील तितके दिवस डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये. चुलीचा धूर, मळणीची धूळ व जड ओझे टाळावे.

डोळा जास्त दुखू लागला, लाल झाला, घाण येऊ लागली किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ‘फेरतपासणीच्या तारखेला दाखवू’ असे म्हणून थांबू नये. अशा वेळी एका रात्रीच्या उशिरानेही डोळा हातचा जाऊ शकतो.

क्लबच्या कार्यकर्त्यांसाठी

उद्घाटन, हारतुरे, वृत्तपत्रातील छायाचित्र हे सारे होणारच. देणगीदारांना हुरूप यावा यासाठी तेही थोडे हवेच. परंतु खरी सेवा मांडव उतरल्यावर सुरू होते. पोलिओचेच उदाहरण पाहा. रोटरीने १९८५ पासून या कामात स्वतःला झोकून दिले. आपल्या देशात १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. बूथवर डोस पाजून काम संपत नसे. राहिलेल्या मुलांसाठी कर्मचारी व स्वयंसेवक घरोघर फिरत, आणि दरवर्षी पुन्हा फिरत. भारतातील शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. हे यश त्या चिकाटीचे आहे.

नेत्रशिबिरालाही हीच चिकाटी हवी. तपासणीत मोतीबिंदू निघालेल्या प्रत्येकाचे नाव व गाव वहीत लिहावे. जे ऑपरेशनला आले नाहीत, त्यांच्या घरी जाऊन कारण विचारावे. बहुधा ते साधेच असते : सोबत यायला कोणी नाही, मजुरी बुडते, किंवा भीती वाटते. यात म्हाताऱ्या बायका जास्त मागे राहतात. ‘आता या वयात तिला काय करायचे आहे?’ असे घरातच म्हटले जाते. पण दिसेनाशा झालेल्या आजीला स्वतःचे ताट दिसत नाही, अंधारात उंबऱ्याला ठेच लागते, पडून खुब्याचे हाड मोडते. तिच्यासाठी एक गाडी आणि सोबतीला एक कार्यकर्ती दिली, तर ते दान मांडवाच्या खर्चाहून मोठे ठरेल.

तसेच साधारण दीड महिन्याने फेरतपासणी व चष्म्याच्या नंबरासाठी सर्वांना पुन्हा आणण्याची जबाबदारी क्लबनेच घ्यावी. पुढच्या अहवालात ‘इतक्यांची तपासणी, इतक्यांच्या शस्त्रक्रिया’ एवढेच छापू नये. त्यांपैकी किती जणांना नीट दिसू लागले, हा आकडाही छापावा.

आपल्या घरात, शेजारी, वाडीवस्तीवर चाचपडत चालणारे कोणी वृद्ध असेल, तर यंदा शिबिराचा फलक दिसताच त्यांचे नाव नोंदवा आणि रुग्णालयापर्यंत त्यांच्यासोबत जा. या सेवेसाठी क्लबचे सभासद असावे लागत नाही.