बुडालेलं जहाज कोणी खाल्लं?

ऐका पोरांनो. आजची गोष्ट एका जहाजाची आहे आणि ते खाणाऱ्या एका जिवाची.

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर काश नावाचं गाव आहे. तिथून जवळ उलुबुरुन नावाचं भूशिर समुद्रात घुसलंय. १९८२ साली तिथं एक पाणबुड्या स्पंज काढायला उतरला आणि वर येऊन सांगू लागला, की खाली कान असलेली धातूची बिस्किटं पडली आहेत! ती होती तांब्याच्या लगडींची रास. सुमारे ३,३०० वर्षांपूर्वी बुडालेलं व्यापारी जहाज सापडलं होतं.

काम हाती घेतलं जॉर्ज बास यांनी. हे बास १९६० साली पीएच.डी.चे विद्यार्थी होते. तोवर पुरातत्त्ववाले बोटीवर बसायचे आणि पाणबुडे वस्तू वर आणून द्यायचे. बास स्वतः डुबी मारायला शिकले आणि तुर्कस्तानातच, केप गेलिदोन्याला, समुद्रतळावर रीतसर उत्खनन केलं. मातीत करतात तसं, मोजमाप घेत, नकाशे काढत. त्यावरच त्यांनी प्रबंध लिहिला. एका विद्यार्थ्याच्या हट्टातून एक शास्त्र उभं राहिलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

उलुबुरुनचं काम १९८४ ते १९९४ चाललं. पुढं ते जमाल पुलाक यांनी सांभाळलं. खोली ४४ मीटरपासून पुढं, म्हणून एका डुबीत जेमतेम वीस मिनिटं काम. अशा २२ हजारांवर डुब्या झाल्या. दहा टन तांबं मिळालं, एक टन कथील मिळालं. दहाला एक, म्हणजे कासं ओतायला अगदी बेतशीर! शिवाय निळ्या काचेच्या लगडी, पाणघोड्याचे दात, रांजणांत भरलेली राळ आणि राणी नेफरतितीचं नाव कोरलेली सोन्याची मुद्रा.

पण एवढं सगळं मिळालं, मग जहाज कुठं गेलं?

ते खाल्लं शिपवर्मनं. दिसायला अळी, पण कूळ आपल्या कालवं-तिसऱ्यांचं. याचं पिल्लू पाण्यात तरंगत येतं, लाकडाला चिकटतं आणि टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडून आत शिरतं. त्याचे दोन शिंपले डोक्यापाशी उरतात, इवलेसे आणि कानशीसारखे खरखरीत. त्यांनी लाकूड किसत ते पुढं सरकतं, आतच वाढतं, मागं चुन्याची नळी बांधत जातं. भोकातून दोन बारीक नळ्या बाहेर काढून श्वास घेतं. धोका दिसला की नळ्या आत ओढून दार बंद! लाकूड पचवणं सोपं नाही, पण त्याच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू पाचकरस तयार करून देतात. फळी बाहेरून धड दिसते आणि आतून पोकळ झालेली असते.

या पठ्ठ्याची एकच अडचण आहे. त्याला प्राणवायू लागतो. गाळाखाली तो मिळत नाही. उलुबुरुनच्या जहाजाचा उघडा भाग नाहीसा झाला, पण जड मालाखाली दबलेला तळाचा थोडा भाग वाचला. तेवढ्यावरून कळलं, की फळ्या लेबनॉनच्या देवदाराच्या होत्या आणि त्या खाच-जीभ करून, लाकडी खुंट्या ठोकून जोडल्या होत्या. काळ्या समुद्रात तर खोल पाण्यात प्राणवायूच नाही. तिथं दोन किलोमीटर खोलीवर २,४०० वर्षांपूर्वीचं ग्रीक जहाज डोलकाठीसकट टिकून आहे. २०१८ मध्ये त्याची बातमी आली.

आणि उलुबुरुनच्या गाळातून आणखी काय निघालं, माहितेय? एका उंदराच्या जबड्याचा तुकडा. त्याचा आकार बारकाईनं मोजून संशोधकांनी ताडलं, की हा फुकट्या प्रवासी सिरियाच्या उत्तर किनाऱ्यावर जहाजात शिरला असावा. म्हणजे जहाज तिथल्या एखाद्या बंदराला लागलं असावं!

तेव्हा तुमच्यापैकी कोणाला समुद्रतळावरच्या उत्खननाच्या या वाटेनं जायचं असेल, तर त्यानं इतिहासाबरोबर जीवशास्त्राचं पुस्तकही उघडावं. आणि पोहायला आजपासूनच शिकावं.