ट्रॅक्टर ओढत नाही? इंजिन खोलण्यापूर्वी एवढं पाहा



गळीत हंगाम भरात आला की गट कार्यालयात उसापेक्षा ट्रॅक्टरच्या तक्रारी जास्त कानावर येतात. "साहेब, गाडी ओढत नाही. चढावर दम तोडते. मिस्त्री म्हणतो, इंजिन खोलावं लागेल." मी शेतकी खात्याचा माणूस, माझा विषय बेणं, लागण, खत आणि पाणी. तरीही या विषयावर लिहितो आहे, कारण तोडलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडणं हाही ऊस विकासाचाच भाग आहे. दुसरं कारण असं, की या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे.

आमच्या घरी तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर आहे. त्याचं तासाचं मीटर कधीच बंद पडलेलं. एका हंगामात तो दोन ट्रॉल्या घेऊन निघाला, की पाऊण तास नीट चालायचा आणि मग कालव्याच्या चढावर बसायचा. थोरल्या बंधूंनी मला विचारलं. मी डिप्लोमावाला! छातीठोकपणे सांगितलं, "इंजिन संपलं. काम करून घ्या." हेड उतरलं, लायनर, पिस्टन, रिंगा नव्या पडल्या. ऊस बिलातून बाजूला ठेवलेली रक्कम त्यात गेली. इंजिन खोललेलं असताना टोळीने तोडलेला ऊस दोन दिवस फडात वाळला, तो तोटा वेगळाच.

काम झाल्यावर पहिल्याच खेपेला ट्रॅक्टर त्याच चढावर पुन्हा बसला. आमचे जुने ड्रायव्हर मामा खाली उतरले आणि त्यांनी डिझेल टाकीचं झाकण सैल केलं. 'सूं' करून हवा आत गेली. थोडं थांबून ट्रॅक्टर चालू केला, तो चढ चढून गेला. डिझेल हिंदकळून सांडू नये म्हणून झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावलेला होता. त्याने हवेचं भोक बुजलं होतं. टाकीतलं डिझेल कमी होईल तशी वरून हवा आत यावी लागते. ती न आल्याने डिझेल पुढे सरकेनासं झालं होतं. आणि तो तुकडा लावायला मीच सांगितलं होतं! मामा मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी एकच नियम पाळतो : आधी बाहेरचं, फुकटचं आणि स्वस्तातलं तपासायचं, इंजिन खोलायचं सर्वांत शेवटी.

इंजिनाला काय लागतं?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला साधारण सोळा-अठरा पट दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. म्हणजे गोष्टी तीनच : भरपूर हवा, स्वच्छ डिझेल आणि पुरेसा दाब. यातलं एक जरी कमी पडलं, तरी ओढ कमी होते. चौथी शक्यता अशी, की ताकद तयार होते, पण चाकापर्यंत पोचत नाही.

सुरुवात चाकाकडून

खेप टाकून आल्यावर ट्रॅक्टरच्या आणि ट्रॉलीच्या चाकांच्या तुंब्याजवळ जपून हात न्या. एखादा तुंबा इतरांपेक्षा जास्त तापला असेल, तर तिथे ब्रेक धरून राहतो आहे किंवा बेअरिंग गेलं आहे. टायरमधली हवा पाहा. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं होत असेल तर क्लच घसरतो आहे. त्यात इंजिनाचा दोष नाही. आणि ट्रॉलीवर किती भार आहे, हेही मनाला विचारा.

मग इंजिन बंद ठेवून एकाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि दुसऱ्याने पंपावरची दांडी पाहावी. जुन्या गाडीत सांधे झिजतात, पाय तळाला टेकतो, पण दांडी शेवटपर्यंत जात नाही.

हवा

फडातली धूळ आणि पाचटाचा भुगा हे आपल्या ट्रॅक्टरचे मोठे शत्रू. ऑइलचा एअर क्लीनर असेल तर वाटी काढून पाहा. ऑइलचा चिखल झाला असेल तर वाटी धुवा, नवं ऑइल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर तेच ऑइल इंजिन ओढून घेतं. हंगामात हे रोज पाहावं. कोरडा फिल्टर असेल तर बॅटरीच्या उजेडावर धरा. उजेड दिसत नसेल तर तो बदला. एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप फाटलेला नको, कारण तिथून शिरलेली धूळ लायनर खाते. रेडिएटरच्या जाळीत पाचट अडकलं असेल तर तेही काढा. तापलेलं इंजिन ओढत नाही.

डिझेल

टाकीचं झाकण तर पाहाच! थोडा वेळ नीट चालून मग दम तोडत असेल, तर झाकणाचं भोक किंवा टाकीच्या तळाचा गाळ याचा संशय आधी घ्यावा. त्यानंतर गाळाची वाटी, दोन्ही फिल्टर आणि नळ्या. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीला बारीक चीर असली तर बाहेर डिझेल गळेलच असं नाही. उलट ती आत हवा ओढते. फिल्टर बदलल्यावर हवा पूर्ण काढून घ्यावी. एवढं करून फरक नसेल तर नोझल काढून मशीनवर तपासून घ्यावेत. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. तो कातडीतून आत शिरतो आणि जखम फार वाईट होते.

धूर काय सांगतो?

भार असताना काळा धूर : हवा कमी, डिझेल जास्त किंवा ओझं जास्त. निळा धूर : इंजिन ऑइल जळतं आहे. पांढरा धूर : डिझेल पूर्ण जळत नाही किंवा पाणी आत जातं आहे, पण थंडीत सकाळी चालू केल्यावर थोडा वेळ आला तर घाबरू नये. धूर नाही आणि ओढही नाही, असं असेल तर बहुधा डिझेलच कमी पोचतं आहे.

खरोखरच इंजिन गेलं असेल तर

ब्रीदरमधून भकाभका धूर येतो, ऑइल वारंवार भरावं लागतं, सकाळी चालू व्हायला त्रास होतो, अशी तिन्ही लक्षणं एकत्र असतील तर इंजिनाचा दाब गेला असं समजायला जागा आहे. तरीही मिस्त्रीकडून टॅपेट तपासून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्या आणि आकडे कागदावर लिहून मागा. खात्री झाल्यावर मात्र चालढकल नको. ते काम लागण-खोडव्याच्या तोडीच्या मध्ये नव्हे, तर हंगाम संपल्यावर पावसाळ्यापूर्वी उरकून घ्यावं.

तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा, असं आम्ही नेहमी सांगतो. वाळलेल्या उसाचं वजन काट्यावर सभासदाचं घटतं आणि साखर उतारा सर्वांचाच घटतो. म्हणून तोडीची पाळी येण्याच्या आठ दिवस आधी भरल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर चढावर घालून पाहावा. फिल्टर आणि ऑइल कधी बदललं, हे वहीत लिहून ठेवावं.

आणि आपला ड्रायव्हर काही सांगत असेल, तर आधी त्याचं ऐकावं, ही नम्र विनंती. मी ऐकलं असतं, तर पिस्टनचे पैसे वाचले असते.

— ऊस विकास अधिकारी