रहिमतपूरहून समुद्र किती लांब?

रहिमतपुरातून समुद्र दिसत नाही, खारा वाराही पोचत नाही. तरी ‘मत्स्यगंधा’ हे नाटक लिहिणारे वसंत कानेटकर जन्मले ते कोरेगाव तालुक्यातल्या याच गावात. तेव्हा मासळीची गोष्ट इथून सुरू करायला काहीच हरकत नाही.

नकाशावर पट्टी ठेवा. रहिमतपूर ते गुहागरचा किनारा, सरळ रेघेत शंभर किलोमीटरांहून थोडं जास्त. आता विजयदुर्गापासून पश्चिमेला जवळपास तेवढंच अंतर मोजा. टोक टेकेल तिथे पाण्याखाली एक अख्खं पठार आहे. आंग्रिया बँक! कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. क्षेत्रफळ सुमारे २,०११ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी, त्याच्या तिपटीहून जास्त. माथा पाण्याखाली जेमतेम २० मीटरवर, कडा मात्र ४०० मीटरपर्यंत उतरत गेलेल्या. कोकणातल्या नद्यांचा गाळ इतक्या लांब पोचत नाही, पाणी नितळ राहतं, ऊन खोलवर जातं, म्हणून इथे प्रवाळ फुललेत. महाराष्ट्राजवळ एवढी दौलत आहे हे शाळेच्या भूगोलात ठळक अक्षरांत हवं.

मग तिथली मासेमारी आवरायची कुणी? इथे खरी गंमत आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदा १९८१चा. त्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा अंमल. वन्यजीव कायद्याखाली अभयारण्य जाहीर करायचं तरी तेही बारा मैलांच्या आतच. आंग्रिया पडलं ५०हून अधिक मैलांवर! म्हणून वाट काढली ती १९७६च्या सागरी क्षेत्र कायद्यातून. त्यात एखादा भाग ‘निर्देशित क्षेत्र’ म्हणून राखता येतो आणि २०२०मध्ये केंद्राने आंग्रियासाठी तत्त्वतः होकार दिला. पण समुद्रात रेघ मारली की काम संपत नाही. किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवर रोज पहारा देणारी बोट, तिचं डिझेल, तिचे खलाशी हा खर्च आधी मांडायला हवा.

मालवणचा धडा जवळच आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. आकार २९.१२२ चौरस किलोमीटर, गाभा ३.१८२. या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड. रापण ओढणाऱ्यांना, होडीवाल्यांना वाटलं, आपला दर्याच काढून घेतला. विरोध झाला, तो वर्षानुवर्षं चालला. मच्छीमाराला बाजूला ठेवून आखलेलं अभयारण्य कागदावरच राहतं, असं माझं ठाम मत आहे. आंग्रियाच्या बैठकीत पहिली खुर्ची तांडेलाची, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याची असावी.

आता झटपट काही नियम. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी; वल्ह्याशिडाच्या होडीला सूट. एलईडीच्या झगझगाटात मासे गोळा करून पकडणं केंद्राने नोव्हेंबर २०१७मध्ये बंद केलं. दोन ट्रॉलर मिळून एकच जाळं ओढणंही त्याच आदेशाने बंद. तमिळनाडूत तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये बारा मैलांपलीकडच्या पर्ससीन (थव्याला वेढा घालणारं जाळं टाकणाऱ्या) नौकांना वारच ठरवून दिले: सोमवार आणि गुरुवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६. आपल्याकडे त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला आणि ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबीही ठरली. म्हणजे पिल्लं जाळ्यात नकोत.

अजून खोल जाऊ. स्कॉटलंडच्या वायव्येला सुमारे हजार मीटरांवर ‘डार्विन माउंड्स’ नावाची थंड पाण्यातल्या प्रवाळांची टेकाडं १९९८मध्ये सापडली. तिथे सूर्यप्रकाश नाहीच, वरून झिरपणाऱ्या अन्नकणांवर ती जगतात. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांच्या खुणाही तिथे दिसल्या आणि २००३मध्ये अशी जाळी तातडीने बंद झाली. २०१६मध्ये युरोपीय संघाने आपल्या पाण्यात ८०० मीटरांखाली तळाची ट्रॉलिंगच थांबवली. कारण साधं आहे. खोल पाण्यात सगळं सावकाश वाढतं. ऑरेंज रफी नावाचा मासा दीडशे वर्षांहून जास्त जगतो, अंडी घालण्याइतकं वयात यायला त्याला वीस-तीस वर्षं लागतात. आज जाळ्यात आलेला रफी १८५७च्या आधी जन्मलेला असू शकतो! एका हंगामात उपसलेला थवा पुन्हा उभा राहायला माणसाच्या कित्येक पिढ्या जातील.

कासवांना तर कुठलीच हद्द ठाऊक नाही. २०२१मध्ये ओडिशात खूण लावलेली ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनारा सोडून थेट पश्चिमेला! रहिमतपूरच्या शिवारातलं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं आणि त्याच उपसागरातली कासवीण आपल्याकडे येते.

अशी कासवं, व्हेल शार्क किंवा डॉल्फिन जाळ्यात अडकले तर जाळं कापून सोडायचं. जाळं महाग, त्या दिवसाची कमाईही बुडते. म्हणून डिसेंबर २०१८पासून महाराष्ट्र सरकार अशा मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. सगळ्या सागरी नियमांत मला ही योजना सर्वांत आवडते. यात दंडाच्या पावतीऐवजी मच्छीमाराच्या हाती पैसे पडतात आणि कासव जिवंत परत जातं.