1,231 ठोसे आणि 429 ठोसे

फ्लॉइड मेवेदर 11 ऑक्टोबर 1996 रोजी व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये उतरला. 26 ऑगस्ट 2017 रोजी त्याने शेवटची नोंद झालेली लढत जिंकली, तेव्हा खात्यावर 50 लढती, 50 विजय आणि 27 नॉकआउट होते. 130 पाउंडांपासून 154 पाउंडांपर्यंत पाच वजनी गटांत तो विजेता ठरला. तरीही बॉक्सिंगच्या चाहत्यांमध्ये त्याचं नाव निघालं की वाद पेटतो आणि आरोप एकच असतो: याने प्रतिस्पर्धी निवडून घेतले, म्हाताऱ्यांना हरवलं.

आरोप तपासायचा तर 50 चे दोन तुकडे करावे लागतात. डिसेंबर 2007 मध्ये रिकी हॅटनला हरवेपर्यंत मेवेदर सुमारे 11 वर्षांत 39 लढती खेळला आणि त्यातल्या 25 त्याने वेळेआधी संपवल्या. पुढच्या जवळपास 10 वर्षांत फक्त 11 लढती झाल्या. त्यांपैकी दोनच निकाली ठोशाने सुटल्या, बाकीच्या नऊ पंचांच्या गुणांवर.

म्हातारे निवडल्याचा आरोप या 11 लढतींत टिकत नाही. हुआन मॅन्युएल मार्केझ 36 वर्षांचा होता, शेन मोझली 38 चा. मेवेदरपेक्षा वयाने मोठे हे दोघेच. व्हिक्टर ऑर्टिझ 24 चा होता. सौल ‘कानेलो’ अल्वारेझ तर 23 चा आणि 43 लढतींत अपराजित. त्याच्यासमोर उभा राहिला तेव्हा मेवेदर स्वतः 36 चा होता. शेवटचा प्रतिस्पर्धी कॉनर मॅक्ग्रेगर 29 चा होता, पण त्याची ती पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत होती. मी स्वतः ती मोजत नाही. माझ्या लेखी हिशेब 49 चा.

पहिल्या तुकड्यातला मेवेदर तर कुणालाही भिडणारा होता. जानेवारी 2001 मध्ये त्याच्यासमोर 33 लढती जिंकलेला दिएगो कोरालेस होता. दोघेही अपराजित, दोघेही 23 वर्षांचे. मेवेदरने त्याला पाच वेळा खाली पाडलं. एप्रिल 2002 मध्ये होसे लुईस कास्तियोविरुद्ध ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या आकड्यांत कास्तियोचे 203 ठोसे बसले, मेवेदरचे 157. तिन्ही पंचांनी मात्र कौल मेवेदरला दिला. त्यावर ओरड झाली, ती रास्तच होती. पण आठ महिन्यांच्या आत त्याने त्याच माणसाशी पुन्हा लढून प्रश्न मिटवला. पळणारा माणूस असं करत नाही.

खरी तक्रार वेगळी आहे. प्रतिस्पर्धी कोण यापेक्षा कुठल्या वजनाला आणि कधी, यावर मेवेदरची पकड असे. मार्केझ 135 पाउंडांच्या गटाचा विजेता. त्याच्याशी 144 पाउंडांचा करार झाला आणि मेवेदर 146 भरला. जादा दोन पाउंडांसाठी त्याने 6 लाख डॉलर मोजले. मार्केझ 142 पाउंडांचाच होता. चार वर्षांनी कानेलोला मात्र 154 ऐवजी 152 पाउंडांवर उतरावं लागलं. लहान माणसासमोर वजन वर, मोठ्या माणसासमोर खाली.

आणि मग मॅनी पॅकियाओ. डिसेंबर 2008 ते नोव्हेंबर 2009 या वर्षभरात त्याने ऑस्कर दे ला होया, हॅटन आणि मिगेल कोट्टो या तिघांना वेळेआधी संपवलं. मेवेदरशी लढत 13 मार्च 2010 ला व्हायची होती, पैसे निम्मे-निम्मे. बोलणी फिसकटली उत्तेजकांसाठीच्या रक्तचाचणीवर. लढतीच्या किती दिवस आधी रक्त घेणं थांबवायचं? मेवेदरची बाजू 14 दिवसांवर आली होती, पॅकियाओची 24 वर अडली. दहा दिवसांच्या फरकापायी पाच वर्षं गेली. लढत झाली 2 मे 2015 ला, तेव्हा मेवेदर 38 चा आणि पॅकियाओ 36 चा. मधल्या काळात पॅकियाओ नऊ वेळा लढला, दोनदा हरला आणि एकालाही वेळेआधी हरवू शकला नाही. वाटणी तोवर 60-40 झाली होती, मेवेदरच्या बाजूने. अमेरिकेत 46 लाख घरांनी पे-पर-व्ह्यूचे पैसे भरले. उशिराचा तोटा बॉक्सिंगला झाला, धंद्याला नाही.

काल्पनिक लढतींवर बोलताना सावध राहावं लागतं, कारण नियमही बदलतात. 1981 मध्ये शुगर रे लेनर्डने थॉमस हर्न्सला 14 व्या फेरीत थांबवलं, तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर हर्न्स पुढे होता. आजच्या 12 फेऱ्यांच्या नियमात तीच लढत हर्न्सने जिंकली असती. त्यामुळे लेनर्ड विरुद्ध मेवेदर अशी जोड लावणाऱ्याने आधी फेऱ्या किती ते सांगावं. 2010 च्या न झालेल्या मेवेदर-पॅकियाओ लढतीला मात्र ही अडचण नाही. तेच दोघे, तोच 147 पाउंडांचा गट, त्याच 12 फेऱ्या.

ठरलेल्या त्याच 13 मार्च 2010 ला पॅकियाओ जोशुआ क्लॉटीशी लढला आणि 12 फेऱ्यांत त्याने 1,231 ठोसे टाकले. 2015 मध्ये मेवेदरसमोर त्याचे ठोसे होते 429, बसलेले फक्त 81. क्लॉटी हात वर धरून उभा राहिला होता, हे मान्य. मेवेदरसमोर एवढे ठोसे कुणी टाकूच शकत नाही. मार्केझने 583 टाकले आणि त्यातले 69 बसले. पण 2006 मध्ये झॅब जुडा या पॅकियाओसारख्याच वेगवान डावखुऱ्याने सुरुवातीच्या फेऱ्यांत मेवेदरला त्रास दिला होता, आणि जुडाचा दम पुढे संपला. 31 वर्षांच्या पॅकियाओचा संपत नव्हता.

2015 चे गुण 118-110, 116-112, 116-112 असे होते. 116-112 म्हणजे आठ फेऱ्या विरुद्ध चार. पाच वर्षं आधीचा पॅकियाओ आणखी दोन फेऱ्या जिंकला असता असं मी धरतो. तेवढं धरायला 1,231 हा आकडा पुरेसा आधार आहे. मग दोन पंचांचे कागद 114-114 होतात, तिसरा मेवेदरलाच कौल देतो आणि निकाल बहुमताने बरोबरीचा लागतो.