क्रियाशारीर संशोधनाचे महत्त्व : सर्पगंधा ते कपिकच्छू

द्रव्याचे गुण अनुभवाने कळतात. परंतु ते द्रव्य शरीरात नेमके कोणते कार्य घडविते, हे क्रियाशारीराच्या संशोधनाशिवाय उलगडत नाही. सर्पगंधेचा इतिहास हे याचे बोलके उदाहरण होय.

अनिद्रा व उन्माद यांवर सर्पगंधेचा उपयोग आपल्याकडे पूर्वीपासून ज्ञात होता. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्मादाबरोबरच वाढलेल्या रक्तदाबावरील तिचे कार्य नोंदविले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले. १९५२ मध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले.

खरा उलगडा त्यानंतर झाला. रेसर्पिनमुळे निश्चेष्ट झालेले प्राणी डोपा देताच पुन्हा हालचाल करू लागतात, असे १९५७ मध्ये स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी दाखविले. मेंदूतील डोपामिनचा साठा रिता झाला की चलनवलन मंदावते, हे यातून पुढे स्पष्ट झाले. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे पार्किन्सन विकाराच्या मृत रुग्णांच्या मेंदूत याच द्रव्याची उणीव आढळली. १९६७ मध्ये कोट्झियास यांनी तोंडावाटे डोपा देऊन गुण येतो, हे सिद्ध केले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले. रक्तदाबाच्या औषधाचा माग काढता काढता कंपवाताची चिकित्सा हाती आली!

विशेष म्हणजे कपिकच्छूच्या बीजांतून लेव्होडोपा १९३७ मध्येच दामोदरन व रामस्वामी यांनी वेगळे केले होते. त्याचा कंपाशी असलेला संबंध मात्र क्रियाशारीराने दाखविला.

या ज्ञानाचा नित्य व्यवसायात उपयोग व्हावा, असे आम्हांस वाटते. कंपाचा रुग्ण आल्यास तो सर्पगंधेचे कल्प घेत आहे काय, हे आधी विचारावे. विषादग्रस्तास ती देऊ नये. लेव्होडोपाच्या गोळ्या चालू असता कपिकच्छू चूर्ण दिल्यास मात्रा नकळत वाढते. हृल्लास, रक्तदाब उतरणे, अनैच्छिक हालचाली असे उपद्रव संभवतात. असे चूर्ण वैद्याच्या चिठ्ठीविना मागितले गेल्यास औषधविक्रेत्या बंधूंनीही चालू औषधांची चौकशी करावी.

शास्त्राने द्रव्य दिले, संशोधनाने त्याचे कार्य दाखविले. दोहोंची सांगड घालणे हेच आजच्या वैद्याचे कर्तव्य होय.