पस्तीस पौंड दगड

अंटार्क्टिकात पोचलेल्या भूवैज्ञानिकाची पहिली अडचण थंडी नव्हे. तिथे दगडच सापडत नाहीत. खंडाचा सुमारे ९८ टक्के भाग बर्फाखाली आहे आणि त्या बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. आपले कळसूबाई त्यात शिखरासकट बुडेल. त्यामुळे बर्फ फोडून जिथे डोंगराचे डोके वर आले असेल, तिथेच हातोडा चालवायचा. अशा एकाकी सुळक्यांना ‘नुनाटाक’ म्हणतात. हा शब्द ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांकडून आला. सलग कडे पाहायचे तर खंडाला आडवी छेदणारी, सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांग गाठावी लागते.

या रांगेची छायाचित्रे पाहताना मराठी माणूस क्षणभर थबकतो. फिकट वाळूखडकाचे थर आणि त्यांमधून गेलेले काळ्याकभिन्न खडकाचे आडवे पट्टे पाहून घाटातली एखादी भिंत आठवते. साम्य मात्र वरवरचे आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट जमिनीवर ओतल्या गेलेल्या लाव्हाचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. इथला काळा खडक म्हणजे फेरार डोलेराइट. तो सुमारे १८.३ कोटी वर्षांपूर्वी वाळूखडकाच्या थरांमध्ये शिरला आणि आतल्या आतच थिजला.

कामाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. सूर्य मावळतच नाही, त्यामुळे रात्री बारालाही कड्यावर काम करता येते. झोपायचे ते केवळ घड्याळाच्या धाकाने. घसरपट्ट्या लावलेले विमान माणसे, तंबू, अन्न आणि इंधन उतरवून निघून जाते. पुढे बर्फावरची स्कूटर आणि कमरेचा दोर. हिमनदीतल्या भेगांवर बर्फाचे पातळ छत धरलेले असते आणि ते किती वजन पेलेल हे वरून कळत नाही. तंबू चार खांबांचे, दुहेरी कापडाचे, पिरॅमिडच्या आकाराचे. शंभर वर्षांत त्यांची मूळ रचना फारशी बदललेली नाही. आत स्टोव्ह पेटवला की हवेची वाट उघडी ठेवावीच लागते, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड गुपचूप जीव घेतो. होकायंत्र मोठी दुरुस्ती केल्याशिवाय उपयोगाचे नाही. शिवाय दक्षिण ध्रुवावरून निघणारी प्रत्येक वाट उत्तरेकडेच जाते, म्हणून नकाशावर चौकटी आखून एक कामचलाऊ ‘उत्तर’ ठरवून घ्यावी लागते.

एवढे सोसून हाती येतात ते दगड, आणि दगडाला वजन असते. कोणता उचलायचा आणि कोणता तिथेच ठेवायचा, हे ठरवण्यात या कामाचे अर्धे कौशल्य आहे. आज निदान वाहून न्यायला यंत्रे आहेत. १९१२ मध्ये ओढायला माणसेच होती.

बिअर्डमोर हिमनदीच्या वरच्या टोकाशी बकली पर्वत आहे. १९०८ च्या डिसेंबरात ध्रुवाकडे निघालेल्या शॅकल्टनच्या तुकडीतल्या फ्रँक वाइल्डला तिथे दगडी कोळशाचे थर दिसले. ध्रुवापासून काहीशे किलोमीटरवर कोळसा, म्हणजे एकेकाळी तिथे रान असणार! पण कसले रान, हे सांगणारे पान हाती नव्हते. ते मिळाले ८ फेब्रुवारी १९१२ रोजी. मोहिमेचा नेता रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे चार सोबती ध्रुवावरून परतत होते. प्रतिस्पर्धी अमुंडसेन आपल्या आधी पोचला हे त्यांना कळून चुकले होते. त्यांच्यातल्या एडगर एव्हान्सची प्रकृती ढासळत होती. अशा स्थितीतही बकलीच्या पायथ्याशी ते थांबले, कारण चौदा आठवड्यांनंतर पायांना खडक लागला होता. डॉ. एडवर्ड विल्सनने कोळशाच्या थरांतून पानांचे ठसे वेचले. नंतरच्या आठवड्यांत पाचही जण गेले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला शेवटचा तंबू सापडला, तेव्हा दगड तिथेच होते: पस्तीस पौंड, म्हणजे सुमारे सोळा किलो. हे ओझे फेकले असते तर ते वाचले असते, असे म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. त्यांचा घात अन्न आणि इंधन अपुरे पडल्याने आणि मार्चच्या थंडीने केला.

या दगडांना एक उपकथानकही आहे. मेरी स्टोप्स ही तरुण वनस्पतिजीवाश्मतज्ज्ञ आपल्याला अंटार्क्टिकाला न्यावे म्हणून स्कॉटच्या मागे लागली होती. त्याने न्यायचे नाकारले, पण जीवाश्म आणीन असे कबूल केले, असे सांगतात. पुढे याच बाईंनी १९२१ मध्ये लंडनला संततिनियमन केंद्र काढले. त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्व्यांनी आपले केंद्र सुरू केले होते.

विल्सनने वेचलेली पाने ग्लॉसॉप्टेरिसची निघाली. ग्रीक भाषेत याचा अर्थ ‘जीभ-नेचा’, कारण पान जिभेसारखे लांबट असते. प्रत्यक्षात तो नेचा नव्हे, पंचवीस कोटी वर्षांहूनही जुना, बी धरणारा वृक्ष होता. ध्रुवाजवळच्या महिनोन्महिने चालणाऱ्या अंधारात तो कसा तगला असेल? थंडीच्या तोंडावर पाने गाळायची आणि उजेड आला की वाढायचे, अशी त्याची रीत असावी. दगड झालेल्या खोडांमधली ठळक वर्षवलये तेच सुचवतात. त्याचे बी समुद्रापार वाऱ्याने उडून जाण्याजोगे नाही. तरीही तो भारतात, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत आणि आता ध्रुवाशीही सापडला होता.

विल्सन पाने वेचत होता त्याच्या महिनाभर आधी, ६ जानेवारी १९१२ रोजी, शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनरने फ्रँकफर्टमध्ये खंड सरकतात हा आपला विचार प्रथम मांडला होता. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. विद्वानांनी वेगेनरला दीर्घकाळ दाद दिली नाही. १९६९ मध्ये बिअर्डमोरच्याच परिसरात, कोलसॅक ब्लफ येथे लिस्ट्रोसॉरस या डुकराएवढ्या प्राण्याची हाडे मिळाली. दक्षिण आफ्रिकेत आणि आपल्या दामोदर खोऱ्यातही तो आढळतो, आणि महासागर पोहून जाणे त्याला शक्य नव्हते.

या हरवलेल्या महाखंडाला आपण गोंडवन म्हणतो. नाव गोंडांच्या मुलखाचे, म्हणजे विदर्भाच्या शेजारचे. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी दगड गोळा करण्यात रमणारे. नागपूर भागातून जमवलेल्या वनस्पतिजीवाश्मांचे वर्णन १८६१ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात छापून आले आणि त्यात ग्लॉसॉप्टेरिस होता. दोन वर्षांनी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडाले. ज्या थरांतून ती पाने निघतात, त्यांतल्या एकाला भूशास्त्रात आजही कामठीचे नाव आहे.